आठ नंबरचा आवाज

मिसाओ कुरामोची आणि मी एकाच गावच्या. इवातेच्या डोंगरातलं गाव, पंचेचाळीस घरांचं. नववी झाली त्याच मार्चमध्ये आम्हां दोघींना आसपासच्या गावांतल्या मुलामुलींबरोबर एका गाडीत घालून तोक्योला पाठवलं. तेव्हा तशीच रीत होती. गावात पोरं जास्त आणि शेत कमी, तोक्योत कामं जास्त आणि हात कमी. रात्रभर गाडीत कोणी रडत होतं, कोणी उकडलेली अंडी खात होतं. मिसाओ खिडकीला डोकं टेकून गप्प बसली होती. सकाळी स्टेशनावर कंपन्यांची माणसं आपापले झेंडे घेऊन उभी होती. आमचा झेंडा बस कंपनीचा निघाला. अशा आम्ही तामा नदीकाठच्या चोफूमध्ये बसच्या कंडक्टर झालो. वय वर्षं पंधरा.

पहिले तीन महिने नुसतं बोलायला शिकवलं. आमच्या उत्तरेकडची बोली जड. तोंड फार उघडायचं नाही आणि शब्द निम्मा गिळायचा, अशी आमची सवय. शिकवणाऱ्या बाई आमच्या दातांत आडवी पेन्सिल धरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "तोंडातली माती थुंका आधी, मग थांब्याचं नाव घ्या." माझ्या तोंडातली माती काही गेली नाही. आजही दुकानात गेले की लोक विचारतात, तुम्ही इवातेच्या का? मिसाओ मात्र हट्टाला पेटली. सकाळी पाणी भरायच्या आधी रिकाम्या पिंपात तोंड घालून ती थांब्यांची नावं म्हणायची, आवाज घुमून परत यायचा, तो ऐकून पुन्हा म्हणायची. वर्षभरात तिच्या बोलण्याला कुठल्याच गावाचा वास राहिला नाही. प्रवाशांना वाटायचं, बाई चांगल्या घरची, शहरातच वाढलेली.

तिने एकदा गावच्या शेतकी संघाच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. तीन मिनिटांचा फोन. आई पलीकडून तिन्ही मिनिटं "हो बाईसाहेब, आमच्या मुलीवर लक्ष असू द्या बाईसाहेब" असंच बोलत राहिली. मिसाओने वसतिगृहात हे आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही लोळून हसलो. तीही हसली.

दहा वर्षं आम्ही त्या बसमध्ये उभ्या राहिलो. उभ्या राहिलो म्हणजे खरंच उभ्या, दिवसाचे दहा-दहा तास. सकाळच्या गर्दीत लोकांना आत रेटायचं, स्वतः दारात अर्धं लोंबकळत पाठीने दार लोटायचं, दाराच्या काचेवर हात आपटून चालकाला इशारा द्यायचा. संध्याकाळी बूट काढले की पाय पावासारखे फुगलेले. लघवीला जायला वेळ नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, आणि पाणी प्यायचं नाही म्हणून मूत्रपिंडाचं दुखणं. आमच्यातल्या निम्म्या जणींना ते होतं. कोणी त्याचं फार बोलायचं नाही. बसचं काम कधी आपल्या हातून सुटेल असं कोणाला वाटलं नव्हतं, इतकंच.

आमच्या मार्गावर एक सिनेमाचा स्टुडिओ होता. सकाळी सामुराई, भुतं, सैनिक सगळे आमच्याच बसने कामाला जायचे. त्यांच्यात एक ध्वनिमुद्रण करणारा माणूस होता, नेझूसान. चाळिशीचा, किडकिडीत, मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा. आम्हाला वाटायचं झोपतो. तो झोपत नव्हता. ऐकत होता, हे फार पुढे कळलं.

सदुसष्ट सालच्या जानेवारीत आमचे आगारप्रमुख कात्सुतासान वसतिगृहात आले आणि म्हणाले, नव्या मुलींना ऐकवायला सगळ्या थांब्यांची नावं टेपवर घ्यायची आहेत, कुरामोचीने वाचावीत. आम्हाला त्यात कौतुक वाटलं. टायरांच्या कोठारात भिंतींना आमच्या गाद्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. एक गादी माझीच होती. बेचाळीस थांबे, तीन दिवस. तिला सर्दी झाली होती, मी आल्याचं पाणी करून नेऊन दिलं.

नव्या मुली येणारच नव्हत्या. एप्रिलमध्ये आल्या त्या बिनकंडक्टरच्या बसगाड्या. चालकाशेजारी भाड्याची पेटी, वर एक कर्णा आणि कर्ण्यातून मिसाओ. "पुढचा थांबा, नदीकाठ. उतरणाऱ्यांनी तयार राहावं."

त्या मार्गावर आम्ही सात जणी होतो. तीन वाटा दाखवण्यात आल्या. बस धुण्याच्या आवारात जा, किंवा हाकोनेच्या पर्यटन बसवर जा, नाहीतर घरी जा. पर्यटन बसवाल्यांना बावीसच्या आतल्या मुली हव्या होत्या. आम्ही पंचविशीच्या पुढे. म्हणजे वाटा दोनच होत्या.

आमच्यात हात्सुए नावाची एक होती, अकिताची. जीभ कात्रीसारखी. मन वाईट नव्हतं, पण बोलली की कापायची. त्या आठवड्यात न्हाणीघरात आम्ही सगळ्या अंग धूत होतो, मिसाओ कोपऱ्यात पाठमोरी. हात्सुएने घमेलं तोंडापुढे कर्ण्यासारखं धरलं आणि हुबेहूब तिच्या आवाजात म्हणाली, "पुढचा थांबा, बेकारी. बेकारीला उतरणाऱ्यांनी तयार राहावं."

सगळ्या हसल्या. मिसाओने डोक्यावर एक घमेलं पाणी ओतून घेतलं, टॉवेल पिळला आणि निघून गेली. मीही हसले होते. ते लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही, तेही लपवत नाही.

कात्सुतासाननी तिला कचेरीत टेबलाची जागा देऊ केली होती. तिने ती घेतली नाही आणि ती बस धुण्याच्या आवारात गेली. हे कळल्यावरही हात्सुए म्हणाली, "आता पाण्याने धुऊन निघेल असं वाटतंय वाटतं तिला." मग हात्सुए स्वतः कामाताच्या एका कारखान्यात रेडिओच्या तारा डाखायला निघून गेली. मला स्टुडिओच्या खानावळीत काम मिळालं. भात, करी, नूडल्सचं पातेलं आणि दुपारी चारशे वाडगे. वसतिगृह रिकामं झालं.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात स्टुडिओत एक चित्रपट चालला होता, "माणसांची सुट्टी". गोष्ट अशी की, पुढच्या शतकात सगळी कामं रोबो करतात आणि माणसांना कायमची सुट्टी मिळते. एका म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या घरी आठ नंबरची रोबो स्वयंपाक करते, पोरं सांभाळते, म्हाताऱ्याला आंघोळ घालते. माणसं रिकामी बसून बसून चिडखोर होतात, एकमेकांच्या जिवावर उठतात आणि शेवटी ठरतं की सगळे रोबो बंद करायचे. आठ नंबरलाही. पत्र्याच्या त्या पोशाखात एक नर्तकी असायची. दुपारी तो पोशाख उतरवून माझ्यापुढे थंड नूडल्स घ्यायला यायची तेव्हा तिच्या खांद्यांवर लाल वळ असायचे.

पोशाख जमला होता, आवाज जमत नव्हता. दिग्दर्शक ओकित्सूसान खानावळीत जेवताना सगळ्यांसमोर त्यावरून चिडायचे. यंत्रातून काढलेला आवाज झाला, नटीचा झाला, एका नटाचाही झाला.

"हे सगळे यंत्राची नक्कल करतात," ते नेझूसानना म्हणाले. "नक्कल ऐकू येते. मला नक्कल नकोय."

"मग काय हवंय?"

"ते मला माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

त्या दिवशी नेझूसान वाडगा परत द्यायला माझ्या खिडकीशी आले आणि तिथेच थांबले. "ओरिएसान, तुम्ही पूर्वी बसवर होतात ना?"

"होते."

"आता कर्ण्यातून बोलते ती कोण?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. मागे रांग होती. "आमच्याच गावची आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना धुण्याच्या आवारात घेऊन गेले. मिसाओ गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून बसच्या चाकांवर पाणी मारत होती. डोक्याला टॉवेल बांधलेला. वर्षभरात ती बरीच वाळली होती. मला पाहून तिने नळी बाजूला वळवली, बंद केली नाही.

"काय गं, इकडे कशी?"

"हे नेझूसान. स्टुडिओतले."

"ओळखते. मागच्या सीटवरचे." ती त्यांच्याकडे वळून किंचित वाकली. "आपण अजून त्याच बसने जाता?"

"जातो. रोज तुमचा आवाज ऐकतो."

"मीही," ती म्हणाली. "गाडी धुवून झाली की चालक टेप लावून बघतात. दिवसातून वीसदा तरी होतं."

नेझूसाननी काम सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग एवढंच विचारलं, "माझ्यामुळे तिथलं कोणाचं काम जाणार आहे का?"

नेझूसानना प्रश्न कळला नाही. मला कळला. मी खाली बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "कोणाचंच जाणार नाही. कोणाला जमतच नाहीये."

"मग येते."

ऑगस्टचे तीन दिवस. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत थंड हवेचं यंत्र बंद ठेवावं लागे, त्याची घरघर टेपवर येते म्हणून. दारं बंद, खिडक्या नाहीतच. भिंतीवर चित्रपट दिसायचा आणि ती त्याकडे पाहून बोलायची. पत्र्याच्या चेहऱ्याला ओठ नव्हते, तेव्हा ओठांशी मेळ बसवायची भानगड नव्हती. पहिल्याच वाक्याला, "जेवण तयार आहे, आपण बसा, मी वाढते," ओकित्सूसान खुर्चीतून उठले. नेझूसाननी मला नंतर सांगितलं, की ते म्हणाले, "या बाईत कोणी राहतच नाही." हे त्यांनी खूश होऊन म्हटलं होतं. मिसाओने ते ऐकलं होतं.

दोन दिवसांत सगळं काम झालं. तिसऱ्या दिवसाला फक्त शेवटचा प्रसंग उरला. माणसं आठ नंबरला बंद करायला येतात, ती स्वयंपाकघरात पाट ओढून बसते आणि म्हणते, "मी थांबते." तेवढंच.

"मी थांबते," मिसाओ म्हणाली.

"नाही. इथे काहीतरी यायला हवं. तीन दिवस जे नव्हतं ते."

"काय यायला हवं?"

"तुम्ही माणूस आहात ना? ते."

सकाळी नऊपासून चाललं होतं. मी दोनदा थंड चहा नेऊन दिला. आमच्याकडे उन्हाळ्यात भाजलेल्या जवाचा चहा गार करून पितात, त्याची किटली. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा दीड वाजला होता. तिला जेवायला सोडलं नव्हतं. ओकित्सूसानचा समज होता की उपाशी ठेवलं की माणसातून काहीतरी निघतं. त्या वेळेपर्यंत ते वाक्य साठ-सत्तर वेळा झालं असेल. प्रत्येक वेळी अगदी सारखं, एका सुरात, जणू नदीकाठचा थांबा आलाय.

"तुमची आई मेली असं समजा," ओकित्सूसान म्हणाले.

"आई मेलीय माझी. गेल्या वर्षी."

"मग?"

"मग काय? मी थांबते."

"या तुमच्या गावच्या ना?" नेझूसाननी मला दारातच विचारलं. त्यांना तिची दया आली असावी. "बघा जरा. गावच्या भाषेत म्हणून बघायला सांगा. कदाचित निघेल."

मी आत गेले. ती मायक्रोफोनसमोर लाकडी खुर्चीवर बसली होती, बूट काढून, पाय जमिनीला न टेकवता खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवून. मी म्हटलं, "मिसाओ, ते म्हणतात आपल्या बोलीत म्हण."

तिने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"येत नाहीये गं," ती म्हणाली. ते तिने शहरी भाषेतच म्हटलं. "आपण 'थांबते' कसं म्हणायचो?"

मी म्हणून दाखवलं. तिने म्हणून बघितलं. चुकलं. शहरातली पोरं आमची टिंगल करताना म्हणायची, अगदी तसं आलं. तिलाही ते कळलं. ती पुन्हा म्हणाली नाही.

मी पेला भरून तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हातांनी तो घेतला, एक घोट घेतला आणि मायक्रोफोनच्या टेबलावर ठेवला. माझ्याकडे न बघता, माझ्यासाठीच, श्वास सोडता सोडता ती म्हणाली, "कोवाइ."

आमच्या उत्तरेकडे शेतातून येऊन ओट्यावर टेकलं की हा शब्द आपोआप तोंडून निघतो. कोवाइ. म्हणजे दमले. आता उठवत नाही. माझी आजी म्हणायची, तिची आई म्हणायची, दिवसातून दहादा कोणी ना कोणी म्हणतंच. तोक्योत हाच शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ निराळा. तिथे कोवाइ म्हणजे भीती वाटते.

टेप चालूच होती.

काचेपलीकडे ओकित्सूसान उभे राहिले होते. ते आत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, हे मी स्वतः पाहिलंय. "झालं," ते म्हणाले. "हेच. मला भीती वाटते. शंभर वर्षं राबलेलं यंत्र शेवटी म्हणतं, मला भीती वाटते. हे मला लिहिता आलं नसतं."

"साहेब," मिसाओ म्हणाली, "मी भीती नाही म्हणाले. मी म्हणाले, मी दमले. आमच्याकडे तसं म्हणतात."

ओकित्सूसाननी क्षणभर विचार केला. मला वाटतं त्यांनी खरंच विचार केला.

"यंत्र दमत नाही," ते म्हणाले. "भीतीच बरोबर आहे."

"बरं," मिसाओ म्हणाली. "मग मी जेवायला जाऊ का?"

तिला एक पाकीट आणि तांदळाच्या पापड्यांचा डबा मिळाला. खानावळीत मी तिच्यापुढे करीभात ठेवला. तिने तो सगळा खाल्ला, सावकाश. रांग ओसरल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसले. वर्षभराचं बोलायचं होतं. तिनेच सुरुवात केली.

"दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं."

"कशाच्या दुसऱ्या दिवशी?"

"टेपच्या. कोठारात. थांब्यांची नावं चालू असताना मधेच एक वाक्य आलं, 'भाडं चालकाजवळच्या पेटीत टाकावं.' मी थांबले. मी कात्सुतासानना विचारलं, नव्या मुलींना हे वाक्य कशाला? ते म्हणाले, वाच. मी वाचलं." तिने चमचा ताटलीत नीट सरळ ठेवला. "तू त्या दिवशी आल्याचं पाणी घेऊन आलीस. मी तुला सांगू शकले असते."

"सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

"काही नाही. पण सांगितलं नाही."

मी तिला म्हटलं, की मीही हसले होते न्हाणीघरात. ती म्हणाली, "ऐकलं होतं. तुझं हसू वेगळं येतं." मग मी तिची ताटली उचलली, कारण संध्याकाळच्या नूडल्सची कणीक मळायची होती.

चित्रपट ऑक्टोबरमध्ये लागला. एका राक्षसाच्या चित्रपटाबरोबर जोडीने, एका तिकिटात दोन. मुलं राक्षस बघायला यायची आणि आमचा चित्रपट चालू असताना खुर्च्यांमधल्या वाटेत धावायची. नामावलीत तिचं नाव नव्हतं. पत्र्याच्या पोशाखातल्या नर्तकीचंही नव्हतं. आम्ही दोघी एका मंगळवारी दुपारी गेलो. अर्ध्या चित्रपटात मिसाओ झोपली, आणि शेवटच्या प्रसंगाला मी तिला हलवून जागं केलं. पत्र्याची बाई पाटावर बसली. पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, तोही त्यांनी राहू दिला होता, आणि मग तो शब्द. पुढच्या रांगेतल्या एका बाईने रुमाल काढला.

"पेल्याचा आवाज फार मोठा आलाय," मिसाओ म्हणाली.

एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात लिहिलं होतं की यंत्राच्या तोंडून मृत्यूचं भय इतक्या थंडपणे प्रथमच ऐकलं. मी तो कागद तिला दाखवला. तिने वाचला आणि परत दिला.

दोन आठवड्यांनी चित्रपट उतरला. नोव्हेंबरातला एक रविवार होता. मिसाओ तेव्हा एका तोफूवाल्याच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होती आणि मी तिच्याकडे शेगडीशी हात शेकत बसले होते. दाराशी कोणी खोकलं. हात्सुए होती. जाड कोट, हातात अकिताच्या लोणच्याच्या मुळ्याची पुडी. बोटांची टोकं डाखणीने भाजून काळी झालेली.

मिसाओ उठली. दोघी दाराच्या आत-बाहेर तशाच उभ्या राहिल्या.

"ते तूच आहेस ना?" हात्सुए म्हणाली. "त्या पत्र्याच्या बाईत?"

"हो."

"कामातात लागला होता. कारखान्यातल्या आम्ही तिघी गेलो होतो, तिघीही उत्तरेच्या. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं होतं आणि आम्ही तिघी हसलो. पुढचा माणूस मागे वळून बघायला लागला."

"हसण्यासारखंच आहे ते."

"हो. नंतर हसू थांबलं." हात्सुएने नाक पुसलं. थंडी होती. "तू दमली होतीस ना?"

"हो."

"मला वाटलंच. इतरांना काय कळणार." ती अजून बूट काढत नव्हती. "मी तुला माफ केलंय असं मात्र समजू नकोस."

"नाही समजत."

"दहा वर्षं मी त्या दारात उभी होते."

"माहितीये."

"माहितीये म्हणे." हात्सुएने पुडी तिच्या हातात कोंबली. "पाय अजून सुजतात का तुझे?"

"सुजतात. तुझे?"

"आता बसून काम आहे. आता कंबर जाते."

मग तिने बूट काढले. मिसाओने मुळा चिरला, मी भात गरम केला. कोणी बसचा विषय काढला नाही, सिनेमाचाही नाही. हात्सुएने कारखान्यातल्या मुकादमाच्या नकला करून दाखवल्या, त्या चांगल्या होत्या. अंधार पडायच्या आत ती निघाली. जाताना म्हणाली, की इकडून परत जायला तुझ्याच बसने जावं लागतं, काय करणार. मिसाओ म्हणाली, "पुढच्या दाराने चढ. मागचं अडकतं."

ती वर्षातून दोनदा तरी यायची, मरेपर्यंत. ती चौऱ्याण्णव साली गेली, पोटाच्या दुखण्याने.

स्टुडिओ एकाहत्तर साली बंद पडला. नेझूसान एका रेडिओ केंद्रात लागले. मला महापालिकेच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, आणि पुढच्या वर्षी मी मिसाओलाही तिथे ओढलं. सहाशे मुलांचं जेवण रोज. ती मोठ्या कढईवर असायची, हातात वल्ह्याएवढं उलथनं. एकतीस वर्षं ती त्या कढईवर होती. तिथे बोलावं फारसं लागत नाही, पंख्यांच्या आवाजात ऐकूही येत नाही. ते तिला आवडलं असावं. लग्न तिने केलं नाही. एकदा एका सुताराचं स्थळ आलं होतं, माणूस बरा होता, पण ती म्हणाली, आता पुन्हा कोणाच्या सवयी शिकायचा कंटाळा आलाय.

बसमधली टेप कंपनीने त्र्याऐंशी साली बदलली. एका ओळखीच्या चालकाने जुनी टेप कागदात गुंडाळून तिच्याकडे आणून दिली, आठवण म्हणून. ती वाजवायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं. आठवडाभर टेप बुटांच्या कपाटावर होती. मग न जळणारा कचरा उचलायला गाडी येते त्या दिवशी तिने ती बाहेर ठेवली.

जुन्या चित्रपटांवर लिहिणारा एक गृहस्थ बऱ्याच वर्षांनी तिला शोधत आला होता. कसं शोधलं कोण जाणे, नेझूसानच्या वह्यांतून म्हणाला. त्याने विचारलं, तो शब्द उच्चारताना तुमच्या मनात नेमकं काय होतं? ती म्हणाली, करीभात. त्याला वाटलं ती थट्टा करतेय. मी त्याला खरं काय ते समजावून सांगायला लागले, पण त्याच्या यंत्रातली बॅटरी संपली आणि नवी आणायला तो जो गेला तो दुसऱ्या दिवशी पत्र पाठवून आभार मानून मोकळा झाला. त्याच्या लेखात भीतीच आली.

आता आम्ही दोघी ऐंशीच्या पुढे आहोत. मी मुलाकडे असते. ती सरकारी वसाहतीत तळमजल्यावर, एकटी. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. तिचे गुडघे गेलेत, एक डोळाही गेल्यात जमा आहे. फार बोलत नाही. मी बोलते, ती ऐकते, मधेच डुलकी घेते. मी तिची भांडी घासते, औषधाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या डब्यांत वेगळ्या घालते. सरकारकडून एक बाई येते ती आंघोळ घालते. पलीकडच्या इमारतीत म्हणे म्हाताऱ्या माणसांना उचलून ठेवणारं यंत्र आणलंय, ती बाई सांगत होती. मिसाओने विचारलं, "मग तुमचं काय?" ती बाई म्हणाली, "आमची माणसंच पुरत नाहीत हो आजी, यंत्र आलं तर बरंच आहे, आमच्या कमरा वाचतील." मिसाओने मान हलवली. बरं आहे मग, म्हणाली.

सहा वाजले की ती अंथरूण घालायला सांगते. हिवाळ्यात तर साडेपाचलाच. मी गादी पसरते, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते, गॅस बघते. ती भिंतीकडे तोंड करून आडवी होते आणि दोन मिनिटांत झोपते. मग मी दिवा मालवते, दार ओढून घेते, आणि घरी जाते.